जुन्या चित्रकथांचें मोल आणि मूल्यदर्शिका

अमेरिकेंतील एखाद्या कुटुंबांत घरचा वडील माणूस निवर्ततो. कांहीं दिवसांनीं घराची आवराआवर सुरू होते आणि माळ्यावरून पुठ्ठ्याची एक जुनी पेटी खालीं येते. पेटींत साठ-सत्तर वर्षांपूर्वींचीं, रंगीत मुखपृष्ठांचीं, पिवळट पडलेलीं चित्रकथांचीं पुस्तकें असतात. एक म्हणतो, हीं रद्दींत घालावीं. दुसरा म्हणतो, अशा एका पुस्तकाला लक्षावधि डॉलर आल्याचें वर्तमानपत्रांत वाचलें आहे. तेवढ्यांत घरांतील एखादा हुशार तरुण ग्रंथालयांतून एक जाडजूड पुस्तक घेऊन येतो, पेटींतील अंकाचें नांव त्यांत शोधतो, त्यापुढील सर्वांत मोठा आकडा मोठ्यानें वाचून दाखवितो, आणि त्या क्षणापासून ती रक्कम घरच्या हिशेबांत जमा होते. पुढें दुकानदार त्या रकमेचा पंचविसावा हिस्सा देऊं करतो, तेव्हां सर्वांची खात्री होते कीं, हा मनुष्य लबाड आहे.

वस्तुतः दुकानदार बहुधा लबाड नसतो आणि पुस्तकांतील आकडाहि खोटा नसतो. चूक झालेली असते ती पुस्तक वाचण्यांत. या पुस्तकाला मूल्यदर्शिका म्हणतात. ती कशी वाचावी व तिच्यावर विश्वास कोठवर ठेवावा, हें ज्याला कळलें, तो ठकत नाहीं आणि दुसऱ्यावर विनाकारण आळहि घेत नाहीं.

प्रथम प्रश्न असा कीं, दहा सेंटांच्या बालवाचनाला एवढें मोल आलें कोठून? ‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाचा पहिला अंक जून १९३८ या महिन्याचा. जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं निर्माण केलेला ‘सुपरमॅन’ त्यांत प्रथम अवतरला. अंकाच्या सुमारें दोन लक्ष प्रती निघाल्या असें मानतात. आज त्यांपैकीं शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या कोठें गेल्या? मुलांनीं वाचल्या, अदलाबदल केल्या, फाडल्या. दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें जुना कागद गोळा करण्याची मोहीम काढली. तींत गाड्याच्या गाड्या भरून अंक लगद्याला गेले. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कांहीं गांवांतून शिक्षक व पालक यांच्या साक्षीनें या पुस्तकांच्या होळ्या झाल्या. १९५४ सालीं मनोवैद्य फ्रेडरिक वर्थम यांनीं चित्रकथा बालमनाला विघातक आहेत असें प्रतिपादणारें पुस्तक लिहिलें, आणि त्याच वर्षीं अमेरिकन सिनेटच्या एका समितीनें या प्रश्नाची चौकशी केली. तेव्हां ज्या घरांत अंक उरले होते, तेथील मातांनीं तेहि बाहेर काढले. शिवाय अंकांचा कागद म्हणजे लाकडाच्या लगद्याचा हलका वृत्तपत्री कागद. त्यांतील आम्लामुळें तो आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो. सारांश, ज्या वस्तूला सर्वांनीं निर्मूल्य मानलें, तीच दुर्मिळ झाली, आणि ती लहानपणीं ज्यांनीं वाचली होती ते कमावते झाल्यावर तिला गिऱ्हाईक मिळालें.

गिऱ्हाईक आलें तरी भाव कोणता धरावा, हें ठरविण्यास साधन नव्हतें. टपालाच्या तिकिटांच्या संग्राहकांना स्टॅन्ले गिबन्स यांची सूची १८६५ पासून व स्कॉट यांची १८६८ पासून उपलब्ध होती. अमेरिकन नाण्यांसाठीं येओमन यांचें लाल बांधणीचें प्रसिद्ध पुस्तक १९४६ सालीं निघालें. चित्रकथांना मात्र असा आधार नव्हता. विक्रेत्यांच्या याद्यांत एकाच अंकाचा भाव एका शहरीं एक, तर दुसऱ्या शहरीं त्याच्या तिप्पट, असा प्रकार चाले. १९७० सालीं टेनेसी संस्थानांतील क्लीव्हलंड गांवचे रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनीं ही उणीव भरून काढली. निरनिराळ्या ठिकाणच्या विक्रेत्यांकडून व संग्राहकांकडून प्रत्यक्ष व्यवहारांची माहिती मिळवावयाची, ती पडताळावयाची आणि प्रत्येक अंकापुढें भाव छापावयाचे, अशी त्यांची पद्धति. त्यांच्या दर्शिकेच्या नव्या नव्या आवृत्त्या पुढें निघत गेल्या आणि या व्यापारांत ती प्रमाण मानली जाऊं लागली. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दर्शिका भाव ठरवीत नाहीं. झालेले भाव नोंदविते. ती पंचांग नव्हे, रोजकीर्द आहे.

दर्शिका उघडण्यापूर्वीं हातांतील अंक नेमका कोणता, हें निश्चित करावें लागतें. मुखपृष्ठावरील चित्र व क्रमांक यांवर विसंबूं नये. मुखपृष्ठाच्या आंतील बाजूस अथवा पहिल्या पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत प्रकाशकाचें नांव, क्रमांक व महिना-वर्ष छापलेलें असतें. तो अंकाचा जन्मदाखला होय. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा ‘क्रमांक १’ एकदां १९३८ सालीं निघाला, आणि क्रमगणना नव्यानें सुरू केल्यामुळें २०११ सालीं पुन्हां निघाला. १९७४ सालीं मूळ पहिल्या अंकाचें मोठ्या आकाराचें पुनर्मुद्रण झालें. त्याला बाहेरून वेगळें वेष्टन होतें, पण आंतील मुखपृष्ठ मुळाबरहुकूम होतें. वेष्टन काढून टाकलेली अशी प्रत हातीं येते आणि भोळा मनुष्य स्वतःस लक्षाधीश समजूं लागतो. मोजपट्टी लावली तर भ्रम तत्काळ फिटतो, कारण ही प्रत मूळ अंकाहून पुष्कळच मोठी आहे.

अंक खरा ठरला, म्हणजे त्याची स्थिति पाहावयाची. आणि बहुतेकांची फसगत होते ती येथेंच. ओव्हरस्ट्रीट यांच्या दर्शिकेंत एका अंकापुढें एकच भाव नसतो, रकाने असतात. प्रतीला दहापैकीं गुण देतात व २.०, ४.०, ६.०, ८.०, ९.० आणि ९.२ या गुणांचे भाव वेगवेगळ्या रकान्यांत छापतात. २.० म्हणजे पुष्कळ हाताळलेली, सुरकुतलेली, परंतु पूर्ण व वाचण्याजोगी प्रत. ९.२ म्हणजे जवळजवळ दुकानांतून नुकतीच आणल्यासारखी. परीक्षक कणा सरळ आहे कीं मुडपला आहे, तारा गंजल्या काय, कोपरे बोथट झाले काय, रंगाची झिलई टिकली काय, पानें पांढरीं आहेत कीं तपकिरी, हें सर्व पाहतो. जाहिरातींतील कुपन एखाद्या मुलानें कात्रीनें कापून घेतलें असेल, तर उरलेला अंक कितीहि स्वच्छ असला तरी मोल एकदम घसरतें. म्हणून प्रत्येक पान उलटून पाहणें अवश्य.

स्थितीचें महत्त्व किती, याचें एक उदाहरण पुरे. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची ८.० गुणांची एक प्रत फेब्रुवारी २०१० मध्यें १० लक्ष डॉलरांस विकली गेली. पुढच्याच महिन्यांत ८.५ गुणांची दुसरी प्रत १५ लक्ष डॉलरांस गेली. अंक तोच, काळहि जवळजवळ तोच. अर्ध्या गुणानें पांच लक्ष डॉलरांचा फरक पाडला. घरोघरच्या पेट्यांतील प्रती मात्र बहुधा डावीकडच्या, कमी भावांच्या रकान्यांतल्या असतात आणि आपल्या माणसाची वस्तु म्हणून तिच्याकडे पाहणारी नजर हटकून उजवीकडच्या रकान्यावर जाते.

या कामीं ममतेची नजर उपयोगी नाहीं, हें ओळखून २००० सालीं सर्टिफाइड गॅरंटी कंपनी ही तटस्थ परीक्षण करणारी संस्था निघाली. ती शुल्क घेऊन प्रत तपासते, गुण देते आणि प्रत पारदर्शक, कठीण वेष्टनांत बंद करून वर पट्टी लावते. रंग भरून, तुकडा जोडून अंक ‘दुरुस्त’ केलेला असल्यास पट्टीचा रंग जांभळा असतो, आणि अशा प्रतीचें मोल न सुधारलेल्या प्रतीहून बरेंच कमी धरतात. घरांत हौसेनें चिकटपट्टी लावणें किंवा शाईनें पुसट कडा रंगविणें म्हणजे हातानें पैसा घालविणेंच होय. अर्थात् परीक्षणाचा खर्च निघेल एवढें मोल असेल तरच प्रत तेथें पाठवावी.

आतां आरंभींच्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका अंकाचा ९.२ गुणांचा भाव १००० डॉलर आहे आणि २.० गुणांचा ८०. पेटींतील प्रत २.० गुणांचीच आहे. म्हणजे तिचा छापील भाव ८०. हा भाव दुकानदार गिऱ्हाइकाकडून घेतो तो. गिऱ्हाइकाला देतो तो नव्हे. त्याला दुकानाचें भाडें आहे, नोकर आहेत, आणि विकत घेतलेला अंक कदाचित् दोन वर्षें तसाच पडून राहणार आहे. म्हणून तो छापील भावाच्या निम्मे, कित्येकदां त्याहूनहि कमी देतो. ४० डॉलर देणारा दुकानदार या हिशेबानें सरळ माणूस ठरतो. कुटुंबाच्या मनांतील १००० डॉलर मात्र कधींच अस्तित्वांत नव्हते. ‘बाजारांत तुरी’ या म्हणीचा हा अमेरिकन अवतार होय. अधिक हवें असेल तर स्वतः गिऱ्हाईक शोधावें किंवा लिलावाला द्यावें. तेथें वेळ व दलाली यांच्या रूपानें किंमत मोजावी लागते.

याच्या उलट, दर्शिकेचा आकडा कमी पडण्याचेहि प्रसंग येतात, कारण छापलेला भाव जुना होत जातो. १९७७ सालीं कोलोराडो संस्थानांतील डेनव्हर भागांत एडगर चर्च या व्यावसायिक चित्रकाराचा संग्रह बाहेर आला. त्यांत अठरा हजारांहून अधिक अंक होते. थंड, कोरड्या हवेंत वर्षानुवर्षें चवडींत दबून राहिल्यामुळें त्यांचीं पानें शुभ्र राहिलीं होतीं. ज्या विक्रेत्यानें ते घेतले, त्यानें प्रचलित दर्शिकेपेक्षां अधिक भाव सांगितले. आरंभीं पुष्कळांनीं नाकें मुरडलीं, परंतु अंक विकले गेले. कारण तशा स्थितीचे अंक दर्शिकेच्या अनुभवांतच नव्हते. तसेंच वर सांगितलेल्या ८.५ गुणांच्या अंकाचें. २०१० सालीं १५ लक्षांचा भाव मिळाला. २०२४ सालीं तेवढ्याच गुणांची एक प्रत ६० लक्ष डॉलरांस गेली. म्हणून मोलाचा अंक हातीं असेल तर दर्शिकेबरोबर अलीकडच्या लिलावांतील प्रत्यक्ष निकालहि पाहावेत, आणि त्यांतहि मागितलेली किंमत व मिळालेली किंमत यांत गल्लत करूं नये.

दर्शिकेचा सर्वांत घातक दुरुपयोग म्हणजे ती भविष्य समजून वाचणें. १९९० नंतरच्या वर्षांत जुन्या अंकांचे चढते भाव पाहून हजारो गृहस्थांनीं नवे अंक दहा-दहा, वीस-वीस घेऊन ठेवले. मुलांच्या उच्च शिक्षणाची ही तरतूद, असें ते समजत. दरमहा भाव छापणारीं मासिकें त्या आगींत तेल ओतीत होतीं. १९९१ सालच्या ‘एक्स-मेन’ क्रमांक १ च्या ऐंशीं लक्षांहून अधिक प्रती खपल्या. १९९२ च्या नोव्हेंबरांत सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवींत बंद होऊन आला आणि दुकानांपुढें रांगा लागल्या. या सर्वांनीं एक साधी गोष्ट विचारांत घेतली नाहीं. १९३८ चा अंक मौल्यवान झाला, कारण तो कोणीं जपला नाहीं. १९९२ चा अंक तर सर्वांनींच जपला. पुढें बाजार कोसळला, शेंकडों दुकानें बंद पडलीं, आणि मार्व्हल या प्रख्यात प्रकाशन कंपनीनें १९९६ च्या डिसेंबरांत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या काळ्या पिशव्या आजहि अल्प किंमतींत मिळतात. त्यांत साठविलेली शिक्षणाची रक्कम मात्र मिळाली नाहीं.

महाराष्ट्रांतहि अशा पेट्या आहेत. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनीं १९६४ सालीं सुरू केलेले ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९९० पर्यंत चालले. ते मराठींतहि निघत, आणि त्यांतील वेताळानें एका पिढीची दुपारची झोप उडविली. आज त्यांना हौशी गिऱ्हाईक आहे. परंतु अमेरिकन दर्शिकेंतील आकडे त्यांना लावूं नयेत. लागू पडते ती रीत. अंक ओळखावा, पानें मोजावीं, स्थिति परक्याच्या नजरेनें पाहावी, आणि तसाच अंक प्रत्यक्ष कितीला विकला गेला हें दोन-तीन ठिकाणीं विचारावें. निर्णय होईपर्यंत अंक ओल, ऊन व कसर यांपासून दूर, सपाट किंवा उभे, आम्लरहित कागदाच्या आधारानें ठेवावे. चिकटपट्टी व टाचण्या त्यांच्या जवळ येऊं देऊं नयेत.

तात्पर्य, मूल्यदर्शिका ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. कोणत्या स्थितीच्या प्रतीला, कोणत्या काळीं, काय किंमत आली, एवढेंच ती प्रामाणिकपणें सांगते. निवाडा हातांतील प्रत आणि समोरचा ग्राहक यांच्यावरच होतो. हें समजून जो पेटी उघडील, त्याच्या हातून मोलाचा अंक रद्दींत जाणार नाहीं, आणि चाळीस डॉलरांच्या अंकासाठीं भावाभावांत हजारांचें भांडणहि होणार नाहीं.