वार लावून बर्फावर

लोंढ्यात बर्फ दोनच जागी दिसतो. गोव्याकडून येणाऱ्या माशांच्या पेटीत आणि उन्हाळ्यात उसाच्या रसाच्या गाड्यावर. तेव्हा बर्फावरच्या हॉकीविषयी इथे बसून कुणी लिहावे हा तसा आगाऊपणाच. पण मला त्या खेळापेक्षा तो ज्यांच्या जिवावर चालतो त्या घरांचे कुतूहल जास्त आहे. आणि घर सोडून जाणारी पोरे कशी दिसतात हे जंक्शनच्या गावाला कुणी सांगायला नको. इथला एक रूळ कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात जातो, दुसरा बेळगावावरून मिरजेकडे, तिसरा हुबळीकडे. दहावी-बारावी झाली की पोरगा यातल्या एका रुळावर बसतो. मग तो येतो तो गणपतीला.

कॅनडाच्या पश्चिम भागात मुले साधारण याच वयात घर सोडतात ती हॉकीसाठी. मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया हे चार प्रांत, शिवाय सीमेपलीकडची वॉशिंग्टन आणि ओरेगॉन ही दोन अमेरिकी राज्ये, एवढ्या मुलखात ‘वेस्टर्न हॉकी लीग’ नावाची स्पर्धा चालते. खेळाडू बहुतेक सोळा ते वीस वर्षांचे. सप्टेंबरात सुरू झालेला हंगाम मार्चपर्यंत, प्रत्येक संघाचे ६८ सामने, आणि त्यानंतर बाद फेऱ्या. ऑन्टॅरिओची एक आणि क्यूबेककडची एक अशा आणखी दोन लीगा आहेत. तिन्हींचे विजेते आणि यजमान संघ मिळून मे महिन्याच्या सुमारास मेमोरियल चषकासाठी भिडतात.

त्या चषकाच्या नावातच लढाई आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या कॅनडियन जवानांच्या स्मरणार्थ तो १९१९ मध्ये सुरू झाला. या लीगमधला सर्वांत जुना संघ रेजायना शहराचा. १९१७ चा. त्याचे नाव ‘पॅट्स’, आणि ते आले ‘प्रिन्सेस पॅट्रिशियाज कॅनडियन लाइट इन्फन्ट्री’ या पलटणीवरून. लाइट इन्फन्ट्री म्हटले की बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाचे कान टवकारतात. आमच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात, आणि भारताचा थोर गोलरक्षक शंकर लक्ष्मण याच पलटणीतला. महूचा हा मुलगा १९४७ मध्ये बँडवाला म्हणून भरती झाला, १९५६ आणि १९६४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके घेऊन आला आणि शेवटी कॅप्टन होऊन निवृत्त झाला. गवतावरची हॉकी आणि बर्फावरची हॉकी यांचे नाते नावापुरतेच. तिथे चेंडू नाही, रबराची जाड चकती असते. तिला ते पक म्हणतात. पण पोरांना गोळा करून, कवायत शिकवून, गावापासून लांब नेऊन खेळवायची रीत दोन्हीकडे छावणीतूनच आली असावी असे मला वाटते.

लीगचा जन्म मात्र बंडखोरीतला आहे. एडमन्टनच्या ‘ऑइल किंग्ज’ संघाचे सर्वेसर्वा बिल हन्टर यांची तक्रार अशी की, पश्चिमेतले चांगले संघ आपापल्या प्रांतात दुबळ्या संघांना धूळ चारतात आणि मग पूर्वेकडच्या तयार संघांपुढे उघडे पडतात. तेव्हा सगळ्या पश्चिमेची मिळून एकच दणकट स्पर्धा हवी. १९६६ मध्ये त्यांनी आणि सस्कॅचेवानातल्या काही संघचालकांनी सात संघ घेऊन ती उभी केलीच. कॅनडाच्या हौशी हॉकीच्या मध्यवर्ती संघटनेला हे मुळीच रुचले नाही. तिने या लीगला बेकायदा ठरवले. भांडण पुढे काही वर्षे चालले आणि १९७० नंतर ज्युनियर हॉकीचे दोन थर पाडले गेले तेव्हा हे बंडखोर वरच्या थरात जाऊन बसले. सहकारी साखर कारखान्यांचे राजकारण पाहिलेल्यांना या कथेत नवीन काही सापडणार नाही. १९७६ मध्ये एडमन्टनचाच संघ उठून अमेरिकेतल्या पोर्टलंडला गेला, आणि दोन वर्षांनी लीगच्या नावातून ‘कॅनडा’ हा शब्द गळाला.

आता घरांकडे येतो.

निवड होते ती पंधराव्या वर्षाच्या आसपास. संघ पाळीपाळीने मुलांची नावे उचलतात. कुठल्या गावी जायचे हे मुलगा ठरवत नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरातला पोरगा मॅनिटोबाच्या सपाटीवर जाऊन पडतो. तिथे वसतिगृह नसते. संघ त्याला गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे ठेवतो. महिन्याला किराणामालापुरते पैसे त्या घराला मिळतात, आणि सोळा वर्षांच्या हॉकीपटूची भूक पाहता ते पुरत असतील असे वाटत नाही. त्या घरातल्या बाईंनी त्याचे डबे, कपडे, शाळा आणि रात्री परतायची वेळ सांभाळायची. या व्यवस्थेला ‘बिलेट’ म्हणतात. शब्द पुन्हा लष्करीच: सैनिकाला गावकऱ्याच्या घरी उतरवण्याचा हुकूम.

आमच्याकडे याला वार लावणे म्हणत. गरिबाचा मुलगा पुण्याला शिकायला जायचा. सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या, आणि आठवड्यातला एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचा. जुन्या पिढीतल्या निम्म्या आत्मचरित्रांत हे प्रकरण असतेच. फरक एवढाच की आमच्या विद्यार्थ्याला पंगतीच्या कडेला बसवत, आणि कॅनडातल्या पोराचे नाव त्या गावच्या लहान मुलांना तोंडपाठ असते. पण परक्याच्या चुलीवरचा घास घशाखाली उतरवताना जे काही होते ते दोघांनाही सारखेच होत असणार.

या सगळ्या छोट्या गावांतले मला सर्वांत जवळचे वाटते ते स्विफ्ट करंट. सस्कॅचेवानच्या गव्हाच्या पट्ट्यातले, सोळा-सतरा हजार वस्तीचे रेल्वेचे गाव. मालक कुणी धनाढ्य नाही. ‘ब्रॉन्कोज’ हा संघ गावाच्याच मालकीचा. १९८६ मध्ये तो लेथब्रिजहून परत स्विफ्ट करंटला आला आणि पहिल्याच हंगामात, ३० डिसेंबरला, रेजायनाकडे निघालेली त्याची बस गाव सुटताच निसरड्या रस्त्यावरून उडाली. मागच्या बाकांवर पत्ते खेळत बसलेले चार खेळाडू गेले. स्कॉट क्रुगर, ट्रेंट क्रेस, क्रिस मॅन्टिका, ब्रेंट रफ. पुढे मोठा खेळाडू झालेला जो सॅकिक त्याच बसमध्ये होता. बस हे या लीगचे खरे मैदान म्हणायला हवे. ब्रॅन्डनहून व्हिक्टोरियाला जायचे तर रस्ता दोन हजार किलोमीटरहून अधिक, वाटेत रॉकी पर्वत, बाहेर उणे तीस. पोरे बसमध्येच अभ्यास करतात, बसमध्येच झोपतात.

अडीच वर्षांनी, १९८९ च्या मे महिन्यात, याच ब्रॉन्कोजनी मेमोरियल चषक जिंकला. तोही सस्कॅटूनमध्ये, यजमान सस्कॅटूनलाच जादा वेळेत ४-३ हरवून. गावाने डोक्यावर घेतले. प्रशिक्षकाचे नाव ग्रॅहॅम जेम्स. कॅनडातल्या एका नामांकित हॉकी साप्ताहिकाने त्या वर्षीचा मानकरी म्हणून त्याला निवडले.

इथे लेख थांबवता आला असता तर बरे झाले असते. बसच्या त्या अपघातातून वाचलेला शेल्डन केनेडी हा खेळाडू १९९६ मध्ये पोलिसांकडे गेला. जेम्सने चौदाव्या वर्षापासून आपल्यावर लैंगिक अत्याचार केले, असे त्याने सांगितले. स्विफ्ट करंटमध्ये त्याला ठरलेल्या दिवशी प्रशिक्षकाच्या घरी जावे लागे. मंगळवारी आणि गुरुवारी. वार लागलेले होते. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सने गुन्हा कबूल केला आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे आणखी खेळाडू बोलले. आईबापांपासून शेकडो मैल दूर असलेल्या मुलाचे संघात असणे-नसणे ज्याच्या हाती, त्याच माणसाला सगळे गाव आदराने नमस्कार करत होते. १९९८ मध्ये केनेडी चाकांचे स्केट्स घालून सारा कॅनडा ओलांडत गेला, अशा मुलांसाठी पैसे उभे करत. आज संघांत नेमणुकीआधी चौकशा होतात, प्रशिक्षणे होतात. माझ्या मते या लीगचा इतिहास लिहायचा तर चषकांच्या यादीआधी हे प्रकरण यायला हवे.

पैशाचे गणितही वरवर दिसते तेवढे सरळ नाही. तिकिटे विकली जातात, जाहिराती असतात, पण खेळाडूला पगार नाही. किरकोळ हातखर्च मिळतो. किमान वेतन द्या म्हणून २०१४ पासून कोर्टकचेऱ्या झाल्या. लीगचे म्हणणे असे की ही विद्यार्थी मुले आहेत, आणि एक हंगाम खेळले की एका वर्षाच्या उच्च शिक्षणाची फी आणि पुस्तके आम्ही भरतो. गंमत अशी की अमेरिकी विद्यापीठे याच मुलांना व्यावसायिक ठरवून आपल्या संघांत घेत नव्हती. तो नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बदलला. म्हणजे मजुरी मागितली की विद्यार्थी, आणि विद्यापीठाच्या दारात गेला की व्यावसायिक! अप्रेन्टिस म्हणून रेल्वेत राबलेल्यांना हा न्याय ओळखीचा वाटेल.

वरच्या व्यावसायिक लीगपर्यंत पोचणारे थोडेच. फ्लिन फ्लॉन या खाणीच्या गावातला बॉबी क्लार्क पोचला. मधुमेह आहे म्हणून १९६९ मध्ये मोठ्या संघांनी त्याला पहिल्या फेरीत टाळले, दुसऱ्या फेरीत फिलाडेल्फियाने घेतला, आणि त्याने त्यांना दोनदा स्टॅन्ली चषक मिळवून दिला. अलीकडे रेजायना पॅट्सचा कॉनर बेडार्ड २०२३ मध्ये त्याच व्यावसायिक संघांच्या निवडीत सर्वांत आधी उचलला गेला. बाकीचे विसाव्या वर्षी गावी परततात, कुणी शिक्षक होतो, कुणी अग्निशामक दलात जातो. गावेही गळतात. फ्लिन फ्लॉनचा संघ १९७८ मध्ये गेला. क्रॅनब्रुकचा २०१९ मध्ये विनिपेगला नेला, आणि चार वर्षांत तिथूनही वेनॅचीला. २०२५-२६ मध्ये पेंटिक्टनचा संघ आला, तेव्हा एकूण संघ तेवीस झाले.

या लीगच्या खाली प्रांताप्रांतांच्या लीगा आहेत. तिथे गावे आणखी लहान. सस्कॅचेवानच्या प्रांतिक लीगमधला हम्बोल्टचा संघ, वस्ती सहा हजारांच्या आसपास, ६ एप्रिल २०१८ रोजी बाद फेरीच्या सामन्यासाठी निपविनला निघाला होता. (हे नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मी निपाणीच वाचले.) वाटेत चौकात एक मालट्रक न थांबता पुढे आला. बसमधल्या एकोणतीस जणांपैकी सोळा गेले. त्या रात्रींत कॅनडाभर लोकांनी आपापल्या दारात हॉकीची काठी टेकवून ठेवली, पोरांना बर्फाच्या वाटेवर लागेल म्हणून.

मेलेल्या बहुतेक खेळाडूंच्या आया दोन-दोन होत्या. एक दूरच्या गावात आणि एक हम्बोल्टमध्ये, जिच्या घरात पोराचा पलंग आणि बूट तसेच होते. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला हम्बोल्टचा संघ पुन्हा बर्फावर उतरला, घरच्या रिंकवर, समोर निपविनच. २-१ असा हरला. बहुतेक पोरे नवी होती, तेव्हा गावातल्या घरांनी त्याआधीच खोल्या मोकळ्या करून दिलेल्या होत्या.