चारी चाकांस चालना : एका साध्या मोटारीचें रूपांतर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या सहलीची बस घाटाखालीं एका वळणावर चिखलांत रुतली. ड्रायव्हरनें जोर दिला कीं मागचें डावें चाक गरगर फिरे आणि मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर चिखल उडे. उजवें चाक मात्र कोरड्या मुरुमावर असूनहि जागचें हालत नव्हतें. अखेर चाकाखालीं दगड व करवंदीच्या फांद्या घातल्या आणि सर्वांनीं ढकलून बस वर काढली. त्या वेळीं आठवींतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, जें चाक कोरड्या जागीं आहे, तेंच नेमकें स्वस्थ कां बसतें?" प्रश्न मार्मिक होता. भर पावसांत त्याचें उत्तर नीटसें देतां आलें नाहीं, तें येथें देतों. आणि त्यासाठीं इटलींतील एका लहान मोटारीची हकीकत सांगतों, कारण हा प्रश्न सोडविल्यावांचून ती मोटार घडलीच नसती.

कवाइतीच्या तासाला एका ओळींत हात धरून उभीं असलेलीं मुलें वळूं लागलीं म्हणजे काय होतें, तें आठवा. बाहेरच्या टोकाच्या मुलास लांब टांगा टाकाव्या लागतात, आंतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागीं पाय आपटतो. मोटारीच्या चाकांचें तसेंच आहे. बैलगाडीचीं चाकें आंसावर मोकळीं फिरतात, म्हणून तेथें अडचण नाहीं. पण मोटारीच्या चाकांस इंजिनाची शक्ति पोंचवावयाची असते. तीं एकाच दांड्यास घट्ट जखडलीं, तर वळणावर एकाला दुसऱ्याबरोबर फरफटत जावें लागेल. म्हणून मध्यें डिफरन्शियल नांवाची दंतचक्रांची पेटी बसवितात. ती दोन्ही चाकांस निरनिराळ्या वेगानें फिरूं देते, पण जोर मात्र दोघांस सारखाच वांटते. गोम येथेंच आहे. चिखलांतल्या चाकाला जोर घेतांच येत नाहीं. तें जेवढा अल्प जोर घेईल, तेवढाच कोरड्या चाकाच्या वांट्यास येतो. पंगतींत ज्याला सर्वांत कमी भूक त्याच्याच मापानें शेजाऱ्यासहि वाढावें, असा हा वाढपी आहे!

आतां त्या मोटारीकडे वळूं. ट्यूरिन शहरीं व्हिन्चेन्झो लान्सिया ह्यांनीं 1906 सालीं स्थापन केलेल्या कारखान्यानें 1979 सालीं 'डेल्टा' नांवाची लहान गाडी विक्रीस काढली. (हा कारखाना 1969 सालीं फियाट कंपनीकडे गेला होता. मुंबईंत पुष्कळ वर्षें टॅक्सी म्हणून धावलेल्या पद्मिनी गाडीचें मूळ ज्या कंपनींत, तीच ही फियाट.) आकृति जॉर्जेत्तो जुजारो ह्या प्रख्यात कलावंतानें रेखाटलेली, पण पोटांत पाहिलें तर यंत्र साधेंच होतें. 1300 किंवा 1500 घनसेंटिमीटरचें इंजिन आडवें बसविलेलें, आणि सारी शक्ति पुढच्या दोन चाकांस. मागें जाणारा लांब दांडा नसल्यानें अशी गाडी हलकी व स्वस्त होते आणि आंत जागा बरीच मिळते. आई, वडील, मुलें व आठवड्याचा बाजार नेणें, हें तिचें काम.

त्या काळीं युरोपांतील रॅली-शर्यतींत भलतीच चढाओढ लागली होती. ऑडी ह्या जर्मन कंपनीनें 1981 पासून 'क्वाट्रो' गाडी शर्यतींत उतरवून चारी चाकांस शक्ति देण्याचा लाभ जगास दाखविला होता. 'ग्रूप बी' वर्गाच्या नियमानें केवळ 200 गाड्या बांधल्या कीं पुरे होत असे; त्यामुळें कारखानदारांनीं बाजाराचा विचार सोडून नुसतीं वेगाचीं यंत्रें बांधलीं. त्याचें फळ भयंकर झालें. 1986 च्या मार्चमध्यें पोर्तुगालांत एक गाडी गर्दींत घुसून प्रेक्षक ठार झाले. मे महिन्यांत कॉर्सिका बेटावर हेन्री टोइव्होनेन हा 29 वर्षांचा फिन चालक व त्याचा सोबती सर्जिओ क्रेस्टो ह्यांची लान्सिया गाडी रस्ता सोडून खालीं कोसळली, पेटली, आणि दोघेहि मृत्यु पावले. ती गाडी नांवाची डेल्टा होती. दुकानांत मिळणाऱ्या डेल्टाशीं तिचें नातें जवळजवळ नांवापुरतेंच होतें. ह्यानंतर ग्रूप बी बंद करण्यांत आला. 1987 पासून मुख्य शर्यत 'ग्रूप ए' गाड्यांची ठरली, आणि तींत उतरण्यास वर्षाला 5,000 गाड्या बांधाव्या लागत. म्हणजे सामान्य माणूस विकत घेऊं शकेल, अशीच गाडी हवी!

लान्सियाजवळ होती ती बाजाराची डेल्टा. तिला चारी चाकांची चालना देऊन नवी आवृत्ति 1986 सालींच सिद्ध झाली होती. कारखान्याच्या मोठ्या 'थेमा' गाडीचें 1995 घनसेंटिमीटरचें टर्बो इंजिन तिच्यांत बसविलें. टर्बो म्हणजे इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर फिरणारा पंखा; तो जास्त हवा आंत दाबतो. मूळच्या 1300 च्या इंजिनाची शक्ति सुमारें 75 अश्वशक्ति, ह्याची 165. एवढी शक्ति पुढच्या दोनच चाकांवर टाकली, तर तीं जागच्या जागीं फिरतात. शिवाय टायरची रस्त्यावरील पकड ही एकाच थैलींतली पुंजी आहे. ओढण्यांत ती बहुतेक उधळली, तर वळण्यास थोडीच उरते. तोच भार चार टायरांवर वांटला म्हणजे प्रत्येकाजवळ शिल्लक राहते.

मग मागें एक दांडा जोडला कीं झालें, असें वाचकांस वाटेल. तेवढ्यानें भागत नाहीं. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून मोठ्या वर्तुळांतून जातात. दोन्ही आंस एकमेकांस घट्ट जोडले, तर कोरड्या रस्त्यावर टायर घासतात व यंत्रावर विलक्षण ताण पडतो. म्हणून पुढच्या व मागच्या आंसांमध्यें तिसरें डिफरन्शियल घालावें लागलें. परंतु त्यानें आमच्या बसची अडचण दुप्पट होते. आतां चारांपैकीं एकच चाक चिखलांत गेलें, तरी उरलेलीं तिन्ही उपाशी!

ह्यावरील तोड फार सुंदर आहे. एका बंद डब्यांत पातळ पोलादी चकत्यांच्या दोन जुड्या एकमेकींत गुंतवितात. एक पुढच्या आंसाच्या बाजूची, दुसरी मागच्या, आणि भोंवतीं दाट सिलिकोन तेल. काकवींत पळी सावकाश फिरवा, ती फिरते. झपाट्यानें फिरवूं पाहा, हात अडतो. तसेंच येथें. वळणावरचा थोडासा फरक तेल चालूं देतें. पण एक बाजू बेफाम फिरूं लागली कीं तें अडवितें व जोर दुसऱ्या बाजूस जातो. ही युक्ति ट्रॅक्टरमुळें प्रसिद्ध झालेल्या हॅरी फर्ग्युसन ह्यांच्या परंपरेंतली. उतारवयांत ते चारी चाकांच्या चालनेच्याच मागें लागले होते. (ज्यांच्या नांवाचें पुण्यास कॉलेज आहे, ते फर्ग्युसनसाहेब निराळे.) ह्या डेल्टांत 100 पैकीं 56 भाग जोर पुढें व 44 मागें जाई. मागच्या दोन चाकांमध्यें 'टॉर्सेन' जातीचें डिफरन्शियल बसविलें. त्यांत स्क्रूसारख्या पेचांचीं चक्रें असतात. तीं घसरणाऱ्या चाकापेक्षां पकड असलेल्या चाकास अधिक जोर देतात. पाहा, आठवीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न इटलीच्या इंजिनीयरांनीं किती श्रमानें सोडविला!

एक अंग बदललें कीं दुसरें बदलावें लागतें, हेंहि त्यांस लौकरच कळलें. पुढच्या शर्यतींसाठीं रुंद टायर हवे होते, पण चाकांवरील कमानी अरुंद. म्हणून 1987 च्या अखेरीस आलेल्या 'इंटिग्राले' आवृत्तींत कमानी फुगविल्या, ब्रेक मोठे केले, आणि शक्ति 185 वर नेली.

1987 च्या जानेवारींत मॉन्टे कार्लोच्या रॅलींत मिकी बियासिऑन पहिला व युहा कान्कुनेन दुसरा, असे दोघेहि डेल्टावाले आले. 1988 सालीं बियासिऑननें केनियांतील सफारी रॅली जिंकली. तेथें लान्सियास पूर्वीं कधींच यश आलें नव्हतें. 1987 पासून 1992 पर्यंत लागोपाठ सहा वर्षें कारखानदारांचें जगज्जेतेपद ह्या बाजाराच्या गाडीकडे राहिलें.

हें वाचून कोणी वडिलांच्या मोटारीकडे आशेनें पाहूं लागला असेल, तर दोन गोष्टी सांगणें प्राप्त आहे. चारी चाकांच्या चालनेनें गाडी निघते चांगली, परंतु थांबते पूर्वींइतक्याच अंतरांत, कारण ब्रेक सर्वच मोटारींत चारी चाकांस असतात. आणि आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणें मालकाला गाडीची मूळ रचना मनास वाटेल तशी बदलतां येत नाहीं.

त्या विद्यार्थ्यानें बसमध्यें परत बसल्यावर आणखी एक प्रश्न विचारला होता : मग आपल्या बसला हें कां नाहीं? ड्रायव्हरनें मागें न पाहतांच उत्तर दिलें, कीं तेवढ्या जास्तीच्या यंत्राचें ओझें व तेल वर्षाचे बारा महिने वाहावें लागेल; दगड आणि करवंदीच्या फांद्या रस्त्याच्या कडेस फुकट मिळतात.