न मोजलेली हवा

उभ्या गाडीचे इंजिन दम लागलेल्या माणसासारखे वर-खाली होत होते. काटा नऊशेवर, मग तेराशेवर, पुन्हा नऊशेवर. माझ्या भाच्याची ही दीड लिटर पेट्रोल इंजिनाची जुनी गाडी. नोकरीनिमित्त तो म्हैसूरला असतो. तिथून कोइंबतूरचा करी ट्रॅक जवळ, म्हणून ट्रॅकवर पळवायला त्याने मुंबईहून तिला सुपरचार्जर बसवून आणला. महिन्याभरात तीन तक्रारी. उभ्या गाडीत इंजिन ‘हंटिंग’ करते. दाबाच्या मीटरवर सहा पीएसआय दिसेल असे सांगितले होते, दिसतात जेमतेम साडेपाच. आणि पाच हजार फेऱ्यांच्या पुढे गाडी झटके देते. बसवणाऱ्याचे फोनवरचे उत्तर ठरलेले होते : तिकडचे पेट्रोल खराब असेल.

मी मामा म्हणून पाहुणचाराला गेलो होतो. दोन दिवस गॅरेजात काढले, आणि त्याचा अजिबात पस्तावा नाही.

इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. दीड लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्या घेते तेव्हा, सिलिंडर पूर्ण भरत असतील तर, साडेचार हजार लिटर हवा ओढते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. अडते ते हवेपाशी. एक किलो साधे पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणून जास्त ताकद हवी तर जास्त हवा कोंबायची, आणि तो कोंबणारा पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरवायचा. हा झाला सुपरचार्जर. टर्बोही हवाच कोंबतो, पण तो सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर फिरतो. भाच्याच्या गाडीतला पंप ‘रूट्स’ जातीचा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचे पेटंट घेतले तेव्हा मोटारगाडीचा पत्ताही नव्हता. त्यांचे यंत्र भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवू लागले.

मराठी माणसाला हे प्रकरण परके नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी (दुसरे) १९३६च्या सुमारास करवून घेतलेली ड्यूसेनबर्ग एसजे ही सुपरचार्जरवालीच. अमेरिकन चासी, लंडनच्या गर्नी नटिंगची बॉडी, आणि कंपनी सांगे ती ताकद ३२० अश्वशक्ती. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सरकारला भागीदार करून बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात तिथे दोस्तांच्या विमानांची दुरुस्ती होई. त्यांत डकोटा होती, आणि डकोटाच्या ट्विन वास्प इंजिनात गिअरवर फिरणारा सुपरचार्जर असे. विमानाला तो चैनीसाठी नको होता. उंचावर हवा विरळ होते, आणि पुरेशी हवा कोंबली नाही तर इंजिन गुदमरते. उंचीचा हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे भाच्याच्या मीटरपाशी पुन्हा भेटणार आहे.

गॅरेजवाल्यांना सगळे अण्णा म्हणतात. तरुणपणी ते यादवगिरीतल्या आयडियल जावाच्या कारखान्यात होते. १९६१ पासून तिथे आधी जावा आणि नंतर येझदी मोटारसायकली बनत. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. सुपरचार्जर त्यांनी आयुष्यात एक-दोनदाच उघडला असेल. पण गाडीचा आवाज ऐकून ते भाच्याला कानडीत जे म्हणाले, ते त्याने मला मराठीत सांगितले : “मामा, अण्णा म्हणतात, जावाचं ऑइल सील गेल्यासारखं वाटतंय.”

हे ऐकून मी मनातल्या मनात हसलो. संध्याकाळपर्यंत हसू विरले होते. जावाच्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच पंप. क्रँकचे सील झिजले की फटीतून बाहेरची हवा आत शिरते. कार्ब्युरेटरला तिची खबर नसते, म्हणून तिच्या वाट्याचे पेट्रोल येत नाही. मिश्रण पातळ होते आणि इंजिन उभ्या-उभ्या पळू लागते. भाच्याच्या गाडीत कार्ब्युरेटर नव्हता, पण दुखणे त्याच घराण्यातले होते.

या गाडीत एअर फिल्टरनंतर लगेच हवा मोजणारा सेन्सर आहे. त्यातली बारीक तार विजेने तापवलेली असते. वाहती हवा तिला थंड करते, आणि ती तापलेली ठेवायला किती वीज लागली त्यावरून किती ग्रॅम हवा आत गेली ते गाडीच्या संगणकाला कळते. तेवढ्याच हिशेबाने तो पेट्रोल सोडतो. थोडक्यात, हा दारावर बसलेला कारकून. दारातून गेलेल्या प्रत्येकाची तो नोंद करतो, पण मागची खिडकी उघडी असेल तर त्याला पत्ता नाही. कंपनीतून आलेल्या गाडीत खिडक्या कमी. सुपरचार्जर बसवला की नवे पाइप, नवे रबरी होस, नवा इंटरकूलर येतो, आणि प्रत्येक जोडावर एकेक क्लिप. प्रत्येक क्लिप ही होऊ शकणारी खिडकी.

गंमत अशी की तीच फट दोन वेळी दोन उलट आजार देते. गाडी उभी असताना थ्रॉटल, म्हणजे हवेचा दरवाजा, जवळजवळ बंद असतो, त्याच्या पुढच्या पाइपांत निर्वात असतो, आणि फटीतून न मोजलेली हवा आत ओढली जाते : मिश्रण पातळ. पाय दाबला की त्याच पाइपांत दाब तयार होतो, आणि मोजलेली हवा त्याच फटीतून बाहेर पळते. पेट्रोल मात्र तिच्या वाट्याचेही आलेले असते : मिश्रण जाड, मागे काळा धूर. नवखा मेकॅनिक एकदा पेट्रोल वाढवतो, एकदा घटवतो, आणि दोन्ही वेळा फसतो. माझ्या मते सुपरचार्जर बसवलेल्या गाडीचे निदान म्हणजे नव्वद टक्के हवेचा जमाखर्च जुळवणे. पंप स्वतः बिचारा क्वचितच गुन्हेगार असतो.

अण्णांच्या मुलाने स्कॅनर लावला. कोड पी-०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. त्याहून बोलका होता फ्युएल ट्रिमचा आकडा, म्हणजे संगणक आपल्या मूळ हिशेबाच्या वर किती पेट्रोल वाढवतो आहे ते. उभ्या गाडीत अधिक १९ टक्के; अडीच हजार फेऱ्यांवर फक्त ६. पेट्रोल पंपच थकला असता तर गाडी पळवल्यावर आकडा वाढला असता. इथे तो घटला, कारण इंजिन कमी हवा ओढते तेव्हा चोरट्या हवेचा वाटा मोठा असतो, आणि जास्त ओढते तेव्हा किरकोळ.

आता फट शोधायची. चालू गाडीवर साबणाचे पाणी शिंपडून उपयोग नाही, निर्वात ते आत ओढून घेतो. इंजिन बंद करून फिल्टरकडचे तोंड बुचाने बंद केले, कॉम्प्रेसरवरून दाब कमी ठेवून पाच पीएसआय हवा सोडली, आणि मग ब्रशने प्रत्येक जोडाला साबणाचा फेस फासला. (साबण कोणताही चालतो; गाव म्हैसूर आहे म्हणून चंदनाचा लागतो असे नाही. उदबत्तीच्या धुरानेही फट सापडते असे एकाने सुचवले. पेट्रोलच्या वाफेजवळ पेटती उदबत्ती कोणी नेऊ नये.) सुपरचार्जरकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होसवर बुडबुडे फुगले. पाइपाच्या टोकाला होस निसटू नये म्हणून एक गोल उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या मागे आवळायची, तर ती बरोबर त्याच्यावर चढली होती. स्क्रूड्रायव्हरचे काम, दहा मिनिटांचे. काटा आठशेवर येऊन शहाण्यासारखा बसला. ट्रिम अधिक ५. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागते. उरलेले पाच टक्के त्या खात्यावरचे असावेत. पेट्रोलला दोष देणारा माणूस अगदीच खोटे बोलत नव्हता, इतकेच.

क्लिप बसली तरी मीटर साडेपाचच्या वर जाईना. भाच्याने पट्टा ताणला, पुली पुसली. पट्टा घसरत असता तर वरच्या फेऱ्यांवर दाब चढण्याऐवजी उतरला असता आणि पुलीभोवती काळी भुकटी दिसली असती. तसे काहीच नव्हते. जादा हवा मागे वळवणारी बायपास झडप नीट मिटत होती. शेवटी मी कागद-पेन्सिल घेतली, आणि लेखक म्हणून या प्रकरणात माझे योगदान एवढेच. हा पंप हवेचा दाब ठराविक पटीने वाढवतो, ठराविक पीएसआयने नव्हे. मुंबईत समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय. त्यावर सहा म्हणजे २०.७, म्हणजे १.४१ पट. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटरवर. तिथे हवेचाच दाब १३.४. त्याची १.४१ पट केली की १८.९ येते, वजा जाता मीटरवर सुमारे साडेपाच. गळती कुठेच नव्हती. मुंबईची हवा म्हैसुरात नाही, इतकाच बिघाड. नंतर भाच्याने कबूल केले की एका पहाटे तो गाडी चामुंडी टेकडीवर घेऊन गेला होता आणि माथ्यावर सव्वापाचच दिसले होते. माथा सुमारे १०६० मीटरवर. हिशेब तिथेही चोख लागला.

दाबाच्या आकड्याला भुलण्यात आणखी एक मेख आहे. हवा दाबली की तापते. रूट्स पंप त्या बाबतीत फारसा काटकसरी नाही. तीस अंशांची हवा १.४ पट दाबताना ती सहज ऐंशी अंशांपर्यंत जाते. तापलेली हवा विरळ, म्हणून दाब ४० टक्के वाढूनही प्रत्यक्ष हवा वाढते सुमारे २० टक्के. इंटरकूलर असतो तो ही तूट भरून काढायला.

राहिले झटके. इथे एका सेन्सरने आम्हाला जवळजवळ फसवले. झटका बसताना धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ‘मिश्रण पातळ’ दाखवत होता. मुलगा पेट्रोल वाढवायला निघाला, अण्णांनी आधी प्लग काढायला लावले. दाट मिश्रणातून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. प्लगची फट मूळची १.१ मिलिमीटर, साध्या इंजिनात ती ठीक, कोंबलेल्या हवेत ठिणगी विझते. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच धुरात येतो आणि सेन्सर समजतो की पेट्रोल कमी पडले. फट ०.८ केली, एका पायरीने थंड प्लग घातले, झटके गेले. झटक्याऐवजी खडे वाजल्यासारखा टिकटिक आवाज असता तर ते नॉकिंग, आणि मग गाडी तिथल्या तिथे बंद करायची. त्यात पिस्टन फुटतात.

भाच्याला मी एक गोष्ट मात्र स्पष्ट सुनावली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावले. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील. ट्रॅकवर ट्रेलरवरून न्यायची, ट्रेलरवरूनच आणायची. चामुंडीला जायचे तर बस आहे, नाहीतर हजार पायऱ्या.

आणि ज्यांनी असे किट बसवूनच घेतले आहे त्यांना एक सांगणे. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, सगळ्या क्लिपा एकदा उंचवट्याच्या मागे आहेत ना ते बघून पुन्हा आवळा. तापून-निवून रबर बसते आणि क्लिप सैल होते. भाच्याच्या गाडीत अकरा क्लिपा आहेत. दुसऱ्या दिवशी तपासल्या तेव्हा त्यातल्या आणखी तीन सैल निघाल्या.