बारावीनंतर दवाखान्याचे शिक्षण

मुलीची बारावी झाली की पेठ तालुक्यात घरोघरी एकच विचार सुरू होतो : पुढे काय? डॉक्टरकीचा खर्च आवाक्याबाहेरचा. पण दवाखाना एकट्या डॉक्टरवर चालत नाही.

ताप आलेल्या माणसाच्या बोटातले रक्त काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू शोधतो तो प्रयोगशाळा तंत्रज्ञ. आदिवासी भागात आढळणारा सिकलसेलही रक्ततपासणीतच कळतो. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. तपासणी चुकली की पुढचे सारेच चुकते.

डोंगरी व आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. तेथे नर्सबाई हवी. बारावीनंतर तिचा, म्हणजे ए.एन.एम.चा, अभ्यासक्रम २ वर्षांचा. औषधनिर्माणाची पदविकाही २ वर्षांची, मात्र बारावी विज्ञान शाखेची हवी. शिवाय ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण.

पालकहो, एक सावधगिरी बाळगा. 'सहा महिन्यांत नर्स' अशा जाहिरातींना भुलून बैलजोडी विकू नका. फी भरण्याआधी विचारा : येथे शिकल्यावर परिषदेत नाव नोंदते का? नर्सबाईची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते. मान्यतेचा कागद स्वतः पाहा. नोंदणी नसेल तर दोन वर्षे आणि पैसा, दोन्ही पाण्यात.

आदिवासी मुलामुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि नाशिकच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करा.