सहा मीटर रिबन आणि गप्प बसलेली ताई

रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या सरावात रिबनला गाठ बसणार, हे हॉलमध्ये सगळ्यांत आधी कळतं ते प्रशिक्षक ताईला. मुलीचं मनगट क्षणभर मंदावतं, रिबनचं टोक कार्पेटवर टेकतं, त्यावरून ती उडी घेऊन पुढं जाते आणि पुढच्या झटक्याला फास आवळतो. "मनगट थांबलं तुझं," ताई म्हणते. मुलीला वाटत असतं, चूक उडीत झाली. ताईनं स्वतः कित्येक वर्षं हीच रिबन फिरवलेली असते, त्यामुळं तिची नजर उडीकडं नसतेच.

सीनिअर गटाची रिबन सहा मीटर, ज्युनिअरची पाच. सराव झाला की ती अलगद गुंडाळायची, स्पर्धेआधी इस्त्री करायची, कारण चुरगळलेली रिबन हवेत नीट वळत नाही. पंख्याखाली तर रिबन फिरवायचीच नाही! पुण्यात मे महिन्यात शाळेच्या हॉलचे पंखे बंद करून तासन्‌तास घाम गाळणं म्हणजे काय, ते त्या मुलींना विचारावं. हूप आणि चेंडू उंच फेकायचे तर छतही उंच हवं आणि खाली 13 बाय 13 मीटरचं कार्पेट. अशी ऐसपैस जागा पुण्यात मिळते ती बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपती क्रीडा संकुलात. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं. जानेवारी 2019 मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा तिथंच झाल्या आणि महाराष्ट्रानं 85 सुवर्णांसह 228 पदकं लुटली.

रिदमिकमध्ये मात्र राज्याचा झेंडा बराच काळ मुंबई-ठाण्याच्या मुलींनी उचलून धरलाय. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या रिदमिक संघात होत्या अक्षता शेटे, क्षिप्रा जोशी आणि पूजा सुर्वे. त्या स्पर्धेत आशिष कुमारनं जिम्नॅस्टिक्समधली भारताची पहिली राष्ट्रकुल पदकं जिंकली आणि सगळा प्रकाशझोत त्याच्यावर गेला. ते रास्तच होतं. पण या तिघींची नावं त्यात मागं पडली.

पूजा सुर्वे पुढं प्रशिक्षक झाल्या. ठाण्यात त्यांच्या आणि मानसी गावंडे यांच्या हाताखाली तयार झालेली संयुक्ता काळे जून 2022 मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडियात उतरली आणि पाच सुवर्णं घेऊन परतली. सर्वसाधारण विजेतेपद, हूप, चेंडू, क्लब्ज, रिबन – एकही सोडलं नाही. महाराष्ट्राची त्या वेळची एकूण सुवर्णं 45. म्हणजे नवातलं एक सुवर्ण एकट्या मुलीचं.

हे घडवायला प्रशिक्षकाला काय काय करावं लागतं? गाणं निवडायचं, ते कापून दीड मिनिटात बसवायचं, त्यावर रचना बांधायची. प्रत्येक फेकीचा हिशेब वेगळा. साधन हवेत असताना मुलीनं किमान दोन पूर्ण गिरक्या घेऊन ते झेललं, तरच 'रिस्क'चे गुण. गुडघा किंचित वाकला तर एक दशांश गुण गेला; साधन हातून सुटलं तर किमान अर्धा. म्हणून सरावात ताईचं तोंड अखंड सुरू असतं: "गुडघा ताण. टाच वर. खांदे खाली. परत." या 'परत'ला अंत नसतो. सासाकी, चॅकॉट या जपानी कंपन्यांच्या साधनांचा खर्च, लिओटार्डवरचे खडे, दहावीच्या वर्षी घाबरलेले आईवडील, हे सगळं सांभाळणं वेगळंच.

स्पर्धेच्या दिवशी मात्र चित्र पालटतं. मुलगी कार्पेटवर गेली की प्रशिक्षकानं तिच्याशी बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. नियमानं गुण कापले जातात. खेळाडू म्हणून जिनं हे सगळं स्वतःच्या अंगानं केलं, तिला दीड मिनिट हात बांधून बसायचं असतं. माझ्या मते या पेशातला सगळ्यांत अवघड भाग हाच.

रशियाच्या अमिना झारीपोव्हाला 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं होतं. पुढं तीही प्रशिक्षक झाली आणि 20 वर्षांनी रिओत तिच्या शिष्येनं, बांगलादेशी वडिलांच्या मार्गारिता मामूननं, सुवर्ण जिंकलं. मामूनसारखी मुलगी घडते ती चांगला हॉल आणि अनुभवी प्रशिक्षक तिला लहानपणापासून रोज मिळतात म्हणून. आपल्याकडं माजी खेळाडू शिकवायला उभ्या राहिल्यात, पण पंखे बंद करून चालणारे हॉल तेच आहेत. 1984 पासून रिदमिक जिम्नॅस्टिक्स ऑलिंपिकमध्ये आहे. 2024 च्या पॅरिसपर्यंत भारताची एकही मुलगी तिथं उतरलेली नाही.