प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह

प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह म्हणजे दैनंदिन संभाषणाला पुरणाऱ्या शब्दांपलीकडचा, मुख्यतः ग्रंथ, वृत्तपत्रे, कायदा आणि विद्यापीठीय लेखन यांत आढळणारा इंग्रजी शब्दांचा साठा. मराठी माध्यमातून शिकून उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची मुख्य अडचण बहुधा याच शब्दांपाशी असते. विषय त्याला ठाऊक असतो, पण पाठ्यपुस्तकातील वाक्य उलगडत नाही. दुर्मीळ शब्दांच्या याद्या पाठ करणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. तो फारसा फलदायी नाही.

शब्दांचे थर

इ.स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राजदरबार व न्यायालयांत फ्रेंच भाषा रूढ झाली. धर्म आणि विद्या यांची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे एकाच अर्थक्षेत्रात जुन्या इंग्रजीतून, फ्रेंचमधून आणि लॅटिनमधून आलेले शब्द शेजारी शेजारी नांदू लागले. विचारणे या अर्थाचे ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’, किंवा राजासंबंधीचे ‘किंगली’, ‘रॉयल’ आणि ‘रीगल’ ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे. पहिला शब्द घरगुती, शेवटचा औपचारिक. मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटू नये. ‘पाणी’ आणि ‘जल’ यांचा अर्थ एकच असला, तरी तहानलेला माणूस जल मागत नाही.

आधी कोणते शब्द शिकावेत?

इंग्रजीतील सर्व शब्द शिकणे अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. मायकेल वेस्ट यांनी ढाका येथे शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करताना बंगाली मुलांसाठी मर्यादित शब्दांची वाचनपुस्तके तयार केली. १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० पायाभूत शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमधील संशोधक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये या पायाभूत शब्दांना वगळून, विविध विद्याशाखांच्या लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’ सिद्ध केली. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे. विद्यापीठीय लेखनातील साधारण १० टक्के शब्द या ५७० कुटुंबांतले असतात. ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘कॉन्स्टिट्यूट’ हे त्यांपैकी काही. हे शब्द दिसायला भारदस्त नाहीत, म्हणून याद्या पाठ करणारे त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. वाक्याचा सांधा मात्र त्यांनीच जोडलेला असतो.

पॉल नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार, कादंबरी किंवा वृत्तपत्र वाचताना ९८ टक्के शब्द परिचित असावेत यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे लागतात.

धातू, उपसर्ग आणि संस्कृतचे साहाय्य

लॅटिन व ग्रीक मूळ असलेले इंग्रजी शब्द अनेकदा उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांनी घडलेले असतात. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ (१९४९) हे पुस्तक याच तत्त्वावर रचलेले आहे. या पद्धतीत मराठी विद्यार्थ्याला मोठा लाभ आहे आणि तो शिकवताना क्वचितच सांगितला जातो. ‘ईक्ष्’ (पाहणे) या संस्कृत धातूपासून निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा हे शब्द झाले. धातू एक, पण उपसर्गागणिक दृष्टी बदलते. लॅटिनमधील ‘स्पेकेरे’ या पाहणेवाचक क्रियापदाच्या कुळातून ‘इन्स्पेक्ट’, ‘रिस्पेक्ट’, ‘प्रॉस्पेक्ट’, ‘रेट्रोस्पेक्ट’, ‘एक्स्पेक्ट’ हे शब्द अगदी त्याच रीतीने आले. ‘अपेक्षा’ आणि ‘एक्स्पेक्ट’ या दोहोंच्या पोटात पाहणे आहे. इतकेच नव्हे, तर ‘स्पेकेरे’ आणि संस्कृत ‘पश्यति’ ही रूपे एकाच भारत-युरोपीय मुळातून आली आहेत; मराठीतील ‘स्पष्ट’ हा शब्दही त्याच कुळातला. आहार, विहार, प्रहार, संहार ही शब्दमाला शाळेत शिकलेल्याला हे तंत्र नव्याने शिकावे लागत नाही.

तरीही फोड आंधळेपणाने करू नये. ‘इन्फ्लेमेबल’ मधील ‘इन’ नकारार्थी नाही. त्या शब्दाचा अर्थ ज्वालाग्राही असाच आहे. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे निरुपयोगी नव्हे, तर आपल्या ‘अमूल्य’ प्रमाणे ज्याचे मोल करता येत नाही असे.

अर्थ आणि सहवास

द्विभाषिक कोशातील पहिला प्रतिशब्द पाठ केल्याने शब्द येत नाही. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी. परंतु एका देशाने दुसऱ्यावर लादलेले निर्बंधही ‘सँक्शन’च. मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द तर अधिकच चकवतात. निकाल पाहून कोणी ‘नर्व्हस’ झाले असे आपण म्हणतो तेव्हा तो खिन्न झाला असे सुचवायचे असते. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ धास्तावलेला, अस्वस्थ असा आहे.

शब्दांना ठराविक सोबतीही असतात. मराठीत चहा कडक असतो, कठोर नसतो. इंग्रजीत तो ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नव्हे. याला नियम नाही. वाचनातूनच हा कान तयार होतो. म्हणून वहीत सुटा शब्द न लिहिता तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य उतरवावे.

उजळणी आणि उच्चार

विस्मरण आरंभी वेगाने आणि नंतर मंद गतीने होते, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली कार्डांची पेटी त्यावर चांगला उतारा ठरते. आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते व उशिरा पाहिले जाते. न आठवलेले पहिल्या कप्प्यात परतते.

उच्चाराकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ‘फोटोग्राफ’ मध्ये आघात पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’ मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’ मध्ये तिसऱ्यावर येतो. देवनागरी लेखनात हा आघात दिसत नाही. त्यामुळे कोशातील आघातचिन्ह पाहून आणि शक्य तेथे उच्चार ऐकून शब्द नोंदवावा लागतो.