पीसीची बत्ती गुल!

रात्रीचे साडेअकरा. सकाळी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन. शेवटच्या स्लाइडवर हात फिरवताय आणि... टक्! स्क्रीन काळी, पंख्याची घरघर बंद. घरातली ट्यूबलाइट मात्र झकास चालू. म्हणजे या वेळी महावितरणला शिव्या घालायचीही सोय नाही!

अशा वेळी कोल्हापुरात दोन सल्ले हमखास मिळतात. मित्र म्हणतो, ‘भावा, फॉरमॅट मार.’ दुरुस्तीवाला मान हलवत म्हणतो, ‘मदरबोर्ड गेलाय.’ पहिल्यात तुमचा रविवार जातो, दुसऱ्यात पगाराचा चांगला लचका. आणि बऱ्याचदा दोन्हींची गरजच नसते. पीसी कसा बंद पडतो हे नीट बघितलं, तर तो का बंद पडतो हे निम्मं तरी कळतं.

आधी बिचाऱ्या विंडोजचा निकाल लावू. निळी स्क्रीन येऊन मशीन रीस्टार्ट झालं, तर ड्रायव्हर, रॅम वगैरेंवर संशय घ्या. पण काही न सांगता, कुणीतरी बटण दाबल्यासारखं बंद झालं, तर प्रकरण बहुतेक वेळा विजेचं किंवा उष्णतेचं असतं. खात्री करायचीय? पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जा आणि तिथंच अर्धा तास सोडून द्या. तिथंही बंद पडला तर विंडोज निर्दोष! (टिकला म्हणजे सगळं आलबेल असं मात्र नाही, कारण तिथं मशीनला फारसं काम नसतं.) इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ असा एरर दिसेल. घाबरू नका. मागच्या वेळी मशीन रीतसर शटडाऊन झालं नव्हतं, एवढंच तो सांगतो. ते तुम्हालाही माहीत आहेच की!

भिंतीपासून सुरुवात करा

वायर मागून हलवून बघा. हसू नका, पीसीच्या मागची पॉवर केबल सैल असणं हा अगदी कॉमन प्रकार आहे. मग एक्स्टेंशन बोर्ड बाजूला करून थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवून बघा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर बहुधा अर्थिंग नाही किंवा तुटलंय. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, कॉम्प्युटरवाल्याला नंतर.

दिवे क्षणभर लुकलुकले की पीसीही जातो? मग गुन्हेगार यूपीएस. त्याच्या आतली लेड-ॲसिड बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दमते, पण मेन्स चालू असताना तसं कळतच नाही. पीसी बंद करा, यूपीएसला साधा टेबल लॅम्प जोडा आणि भिंतीवरचा स्विच ऑफ करा. लॅम्प लगेच विझला, तर बॅटरी बदलायची. विषय संपला.

आता डब्यात डोकावू. (याला आपण सगळे लाडानं ‘सीपीयू’ म्हणतो, पण खरा सीपीयू आतली चिप असते!) गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना वीस मिनिटांनी बंद, जरा थांबलं की पुन्हा चालू, असं होत असेल तर तो तापतोय. चिप प्रमाणाबाहेर गरम झाली की स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद पाडते. प्रोसेसरवरचा पंखा फिरतोय का बघा, हीटसिंकमधली धूळ काढा. थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावून घ्या. तुमचं ऑफिस शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपशेजारी असेल तर धुळीकडे जास्तच लक्ष द्या. धातूची बारीक धूळ वीज वाहून नेते, आणि ती मदरबोर्डवर बसणं परवडणारं नाही.

डबा फरशीवर ठेवायची सवय तर सोडाच. खालची धूळ तो आधी ओढतो. शिवाय आपल्या गावात पाणी येतं! ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा शहरात शिरली, ते तळमजल्यावरच्या ऑफिसवाल्यांना वेगळं सांगायला नको. पाण्यात भिजलेला पीसी ‘चालतोय का बघू’ म्हणून कधीच सुरू करू नका.

थंड आहे, तरीही जातो?

मग नजर एसएमपीएसवर. भिंतीतली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून आतल्या पार्ट्सना देणारा हा पत्र्याचा चौकोन. पीसी जुळवताना सगळे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर पैसे उडवतात आणि एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर आलेला! लेबलवर ४५० वॅट छापलंय म्हणजे तो तेवढा भार पेलतोच असं नाही. नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर पहिला संशय यावरच. मित्राकडून चांगला चालणारा, पुरेशा वॅटचा एसएमपीएस आणून दोन दिवस लावून बघणं ही सगळ्यात भरवशाची टेस्ट. पण त्याचा डबा उघडायचा नाद करू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

आणखी एक मजेशीर गुन्हेगार म्हणजे पॉवर बटण. ते चार सेकंद दाबून धरलं की पीसी बंद होतो, हे माहीत आहेच. धुळीनं तेच अडकून आत राहिलं तर? सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांत पुन्हा बंद! असं होत असेल तर हजारोंचा खर्च करण्याआधी बटणाला एक टिचकी मारा.

एवढं करूनही जमलं नाही, तर खुशाल दुकान गाठा. पण नुसतं ‘दादा, बंद पडतोय’ म्हणू नका. किती वेळानं पडतो, तेव्हा काय काम चालू असतं, लगेच सुरू होतो की थांबावं लागतं, हे कागदावर लिहून न्या. मदरबोर्ड बदलायचाच म्हणाले, तर आधी एसएमपीएस बदलून टेस्ट केली का ते विचारा, आणि जुना मदरबोर्ड परत मागून घ्या. पीसी दुकानात सोडण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या. मशीन बॅकअपपुरतंही टिकत नसेल, तर हार्ड डिस्क काढून घरीच ठेवा.